कार्डातली सुईण

गोठ्यात बाळंत झालेल्या बाईजवळ सुईण नव्हती, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. मुंबईच्या मॅडमनी प्रयत्न करून पाहिला. त्यांचं म्हणणं एवढंच, की धर्मग्रंथात सुईणीचा उल्लेख नाही. त्या बाईने वाटेत काय खाल्लं याचाही उल्लेख नाही. म्हणून ती उपाशीच चालली होती का?

मी जव्हारला वारली चित्रांची कार्डं बनवून विकते. माझ्याबरोबर पाच बायका काम करतात. आमच्यातली एकही ख्रिस्ती नाही, पण आमचा सगळ्यात मोठा माल म्हणजे नाताळची कार्डं. आमच्या भागात भात झोडून झालं की निम्मी माणसं वीटभट्ट्यांवर जातात, मुलाबाळांसकट. ज्या वर्षी कार्डांचं काम भरपूर असतं त्या वर्षी माझ्या पाचजणी जात नाहीत आणि त्यांच्या मुलांची शाळा सुटत नाही. त्यामुळे पुढे जे भांडण लिहिते आहे ते बोटभर उंचीच्या एका चित्राचं असलं, तरी कुणी त्याला पोरखेळ म्हणू नये.

नाताळचं कार्ड मी पहिल्यांदा पाहिलं ते आश्रमशाळेत असताना. शाळेजवळ एक लहानसा दवाखाना होता आणि तिथे केरळहून आलेल्या एक नर्स होत्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. डिसेंबर लागला की पोस्टमन त्यांच्याकडे गठ्ठा घेऊन यायचा. वाचून झालं की त्या प्रत्येक कार्ड मधोमध उघडून दोरीवर टांगायच्या, कपडे वाळत घालतात तशी. एका कार्डात घरांच्या छपरांवर, झाडांवर, रस्त्यावर सगळीकडे पांढरं होतं. मी विचारलं, यांच्याकडे लग्न आहे का? आमच्याकडे तांदळाच्या पिठाचं पांढरं घराला लागतं ते लग्नातच. सिस्टर हसून हसून खुर्चीत बसल्या. मग त्यांनी बर्फ म्हणजे काय ते सांगितलं. मला ते फारसं पटलं नव्हतं.

त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट शिकले. कार्डाचं पाकीट चिकटवायचं नाही, झाकण नुसतं आत खोचायचं. मग पोस्ट त्याला चिठ्ठी न समजता छापील कागद समजतं आणि कमी तिकिटात पोचवतं. बर्फापेक्षा मला ही गोष्ट आवडली. म्हणजे सरकारशीसुद्धा घासाघीस करता येते.

घासाघीस मी पुढे जव्हारजवळच्या शिरपामाळावर पक्की शिकले. लग्नानंतरची गोष्ट. नवऱ्याला एका जागी टिकून काम करता येत नव्हतं, तेव्हा मी पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर चित्रं काढून पिशवीत घालून रविवारी माळावर जाऊ लागले. मुंबई-नाशिकच्या गाड्या तिथे थांबतात. लोक फोटो काढतात, चणे खातात आणि मग माझ्यासमोर उभे राहून म्हणतात, एवढे पैसे? एकदा एका गृहस्थाने म्हटलं, "ताई, दोन त्रिकोण आणि वर एक गोळा. यात आहे काय?"

मी त्याच्यासमोर कागद ठेवला आणि बांबूची काडी दिली. "काढा तुम्ही. जमलं तर माझी सगळी पिशवी फुकट घेऊन जा."

तो खरंच बसला. त्याने काढलेली बाई डाव्या बाजूला कलंडली होती, दारू प्यायल्यासारखी. त्याच्या बायकोने चार कार्डं घेतली आणि भाव विचारला नाही. त्याचं चित्र मी ठेवून घेतलं. पुढे बरीच वर्षं, कुणी त्रिकोण-गोळा म्हणालं की ते पिशवीतून काढून दाखवायची. माझा स्वभाव तापट आहे असं लोक म्हणतात. असेल. नुसत्या गोड स्वभावावर माळावर उन्हात माल खपत नाही.

मॅडम मला तिथेच भेटल्या. मुंबईत त्यांचं भेटवस्तूंचं दुकान आहे. बाई सज्जन आहेत, हे आधी लिहून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल चांगलं लिहीन याची मला खात्री नाही. त्यांनी बरीच कार्डं घेतली आणि विचारलं, "नाताळसाठी करून द्याल का? मध्ये झाड, भोवती नाच."

मी म्हटलं, "आमच्या नाचात मध्ये तारपा वाजवणारा असतो."

"त्याच्या जागी झाड घेऊ."

"तो गेला तर ह्या बायका नाचतात कशावर? झाड वाजतं का? झाड घ्या, पण तोही राहील."

त्या हसल्या आणि कबूल झाल्या. पहिली दोन वर्षं आम्ही तेच कार्ड केलं. एका बाजूला तारपेवाला गाल फुगवून उभा, मध्ये चांदण्या लावलेलं झाड, भोवती हातात हात गुंफलेला फेर. माल खपला. त्यावर मी जव्हारला एक खोली भाड्याने घेतली आणि पाचजणी जोडल्या. सगळ्यात थोरली सूर्यमाळकडच्या एका पाड्यावरून येते. तिची रेघ अशी, की काडी कागदाला टेकली की पुन्हा उचलायची गरज पडत नाही. सगळ्यात धाकटीची रेघ बरी आहे, जीभ जास्त बरी आहे.

दुसऱ्या वर्षी मॅडमनी मला एक पुस्तिका दिली, नाताळच्या कार्डांच्या इतिहासाची. "परंपरा कळली की चित्रं आणखी चांगली होतील," म्हणाल्या. इंग्रजीत होती. फोनवर एकेक पान मराठी करत मी ती महिनाभर वाचली. पहिलं छापील कार्ड म्हणे लंडनच्या एका साहेबाने काढलं. त्याच्याकडे नाताळची इतकी पत्रं यायची की प्रत्येकाला उत्तर लिहायला त्याला सवड नव्हती. त्याने एका चित्रकाराकडून चित्र काढून घेतलं, त्याच्या प्रती छापल्या, वर जागा सोडून नुसतं नाव घातलं की झालं. टपाल नुकतंच स्वस्त झालं होतं, म्हणून पुढे ही रीत पसरली. आता, त्या पहिल्या चित्रात काय होतं? एक कुटुंब टेबलाशी बसून दारूचे पेले उंचावत होतं आणि त्यात एका लहान मुलीच्या तोंडाला कुणीतरी पेला लावला होता. लोक चिडले. पोरांना दारू शिकवता का, म्हणाले. मग पुढे फुलं आली, पक्षी आले, बर्फ आला. काही वर्षं तर मेलेल्या चिमण्यांची चित्रंसुद्धा लोक एकमेकांना शुभेच्छा म्हणून पाठवत होते. त्या पहिल्या कार्डात गोठा नव्हता, आई नव्हती, बाळ नव्हतं. मी पान दुमडून ठेवलं. भाव करणाऱ्या माणसाने असं पान दुमडून ठेवावं.

तिसऱ्या वर्षी मॅडम म्हणाल्या, आता खरी गोष्ट काढू, जन्माची. दसऱ्याच्या सुमारास त्या स्वतः आल्या. भात पिवळं झालं होतं, आमच्यातल्या दोघी शेतावरून तशाच विळे घेऊन आल्या होत्या. मॅडमनी पायरीवर बसून गोष्ट सांगितली. एक सुतार आणि त्याची पोटुशी बायको. राजाचा हुकूम निघाला, की प्रत्येकाने आपल्या मूळ गावी जाऊन नाव नोंदवायचं. म्हणून ही दोघं एवढं लांब निघाली.

"भरल्या दिवसांची बाय नेली कशाला?" थोरलीने विचारलं.

धाकटी म्हणाली, "अंगठा द्यावा लागतो ना. आधारकार्डाला नाय का नेलं होतं तुझ्या सुनेला?"

मॅडम पुढे सांगू लागल्या. गावात कुणी जागा दिली नाही, शेवटी गोठा मिळाला, तिथे बाळ झालं. मग तीन ज्ञानी माणसं लांबून आली, सोनं आणि धूप आणि सुगंधी राळ घेऊन.

"बाळंतिणीला सोनं?" धाकटी म्हणाली. "नाचणीचं पीठ आणलं असतं तं पेज तरी झाली असती. पुरुषच असतील तिघंही."

मॅडमनाही हसू आवरेना. त्या दिवशी सगळं छान चाललं होतं. त्या गेल्यावर आम्ही कागद पसरले आणि थोरलीने रेघा टाकायला घेतल्या. गोठा, त्यात दोन बैल, शेळी, खुंटीवर कोंबडी. वर तारा. आई, तिच्याजवळ सुपात बाळ. सुतार बाहेर उभा, कारण अशा वेळी पुरुष बाहेरच असतो. आणि आईच्या पायांशी तिने न विचारता एक वाकलेली म्हातारी काढली. केसांचा लहानसा अंबाडा, पुढे केलेले हात, जवळ पाण्याचं मडकं.

आमच्यापैकी एकीलाही त्यात काही वेगळं वाटलं नाही. गोठा म्हटला की बैल आले, तसं बाळंतपण म्हटलं की सुईण आली.

आठवड्याने मॅडम नमुना बघायला आल्या. कार्ड हातात धरून बराच वेळ पाहिलं. "सुंदर," म्हणाल्या. मग बोट ठेवून विचारलं, "ही आजी कोण?"

"सुईण."

"पण गोष्टीत सुईण नाहीये, ताई."

थोरलीने काडी खाली ठेवली. "मंग नाळ कोनी कापली?"



"सुतारानं कापली असंल," धाकटी म्हणाली. "त्याच्याकडं करवत व्हती."

सगळ्या हसल्या, मॅडमसुद्धा. पण जाताना त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, की चित्र फार गोड आहे, फक्त तेवढी आजी काढा. गिऱ्हाईक धार्मिक असतं, कुणाच्या भावना दुखावतील. मी दुमडलेलं पान उघडलं. म्हटलं, तुमच्या पहिल्या कार्डात पोर दारू पीत होतं, त्यात तुमचा देवही नव्हता, ते चाललं. माझी म्हातारी पाणी तापवते आहे, ती चालत नाही? त्या म्हणाल्या, विचार करते. नमुना घेऊन गेल्या. नमुन्याचे पैसे त्यांनी तिथल्या तिथे दिले, हेही खरं. त्या वर्षी आमच्याकडून त्यांनी पुन्हा झाडाचीच कार्डं घेतली. मला वाटलं, विषय मिटला.

डिसेंबरात मला पोस्टाने एक पाकीट आलं. आयुष्यात मला आलेलं ते पहिलं नाताळचं कार्ड. पाठवणाऱ्या मॅडमच. जाड चकचकीत कागद, छापलेलं. गोठा आमचा. बैल आमचे, एकाचं शिंग थोरली नेहमी जरा आखूड काढते, ते तसंच आखूड. तारा आमचा. बाळ सुपात. आईच्या पायांशी जिथे सुईण होती तिथे एक झुडूप. मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं, पालघरच्या आदिवासी महिलांच्या कुंचल्यातून. ते झुडूप आमच्यापैकी कुणाच्या कुंचल्यातून आलेलं नव्हतं, आणि कुंचलाही आम्ही वापरत नाही.

दुसऱ्या दिवशी कार्ड घेऊन जामसरला आईकडे गेले.

माझी आई सुईण. हे मी मॅडमना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांना वाटलं असतं, माझ्या घरचं आहे म्हणून हट्ट करते आहे. आमच्या आजूबाजूच्या पाड्यांवर एका पिढीची माणसं आईच्या हातांत जन्मली. चिखलात, उन्हात, कुणाच्याही घरी बोलावणं आलं की ती हातातलं टाकून निघायची. मिळायचं ते पायलीभर तांदूळ, कधी कोंबडी, कधी लुगडं, कधी नुसतंच जेवण. तिचं नाव कुठल्याही कागदावर नाही. अजूनही बाजारात कुणीतरी मिशा फुटलेला मुलगा पुढे करून म्हणतं, हा तुझ्या हातचा गं, आणि आई त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणते, पायाळू होता, लई त्रास दिला.

मी स्वतः मात्र सरकारी दवाखान्यात बाळंत झाले. आईनेच मला जीपमध्ये बसवून नेलं. म्हणाली, तुझं पोट मला चांगलं दिसत नाही, डॉक्टर पाहिजे. तेव्हा मी काही जुन्याचे गोडवे गात बसलेली नाही. दवाखाना हवाच. पण जिथे दवाखाना नव्हता तिथे कोण होतं, ते खोडायचं नाही, एवढंच मी म्हणते.

आई अंगणात तांदूळ निवडत होती. तिने कार्ड घेतलं, उलटून मागची बाजू पाहिली, पुन्हा पुढची पाहिली.

"हिच्याजवळ कोन नाय?"

"होती. काढून टाकली."

"कोनी?"

"मुंबईच्या बाईंनी."

आईने कार्ड गुडघ्यावर ठेवलं. "त्या बाईला पोरं हायेत?"

"दोन."

"त्यांच्या वक्ताला कोन व्हतं?"

"डॉक्टर."

"मंग हितं डॉक्टर काढायचा व्हता. झाड कशाला काढलं?" आणि ती पुन्हा तांदूळ निवडू लागली.

त्या वर्षी मी फोन केला नाही. रागात केलेला सौदा बुडतो, हे मला माळावर कळलं होतं. मी पुढच्या दसऱ्याची वाट पाहिली. मधल्या काळात सिस्टरांचा नंबर शोधून काढला. त्या आता निवृत्त होऊन केरळात असतात. त्यांना विचारलं, तुमच्यात सुईण काढणं पाप आहे का? त्या म्हणाल्या, फार जुन्या काळी चर्चच्या भिंतींवर जन्माची जी चित्रं काढत त्यांत सुईणी असायच्या, बाळाला आंघोळ घालणाऱ्या. मग हळूहळू त्या चित्रांतून गेल्या. का गेल्या, हे त्यांनाही नक्की सांगता आलं नाही. मला पुराव्याची गरज नव्हती. पण भाव करायला बसताना हाताशी असलेला बरा.

दसऱ्याच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला. नेहमीसारख्याच आनंदात. मागच्या वर्षीचं छापील कार्ड फार चाललं, या वर्षी तेच हाताने रंगवलेलं हवंय, मोठ्या संख्येने. माझ्या पाचजणींना पुरून उरेल एवढं काम.

मी म्हटलं, "ते चित्र आमच्याकडे सुईणीसकट आहे."

"ताई, तुम्ही फार मनाला लावून घेतलंय. एक छोटी फिगर आहे."

"छोटी आहे तर राहू द्या."

"लोक विचारतात हो."

"कोणी विचारलं? एक माणूस सांगा."

"कोणी विचारलं नाही. छापलीच नव्हती ना ती."

"मग विचारतील हे कशावरून ठरवलं? आणि छापायच्या आधी मला विचारलं होतंत?"

"डिझायनरने केलं ते. मला वाटलं, तुमची हरकत नसेल."

मग मी सिस्टरांनी सांगितलेलं सांगितलं. "हो का? मला खरंच माहीत नव्हतं," मॅडम म्हणाल्या, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. पण त्या दुकानदार आहेत आणि मीही आहे. त्यांनी लगेच मधला भाव सांगितला. "असं करू. अर्धी कार्डं आजीसकट, अर्धी आजीशिवाय. दोघींचं राहील."

सौदा म्हणून तो वाईट नव्हता. माळावर मी याहून वाईट सौदे हसत केले आहेत. मी म्हटलं, विचारून सांगते.

दुसऱ्या दिवशी खोलीत पाचजणींपुढे विषय काढला. थोरली म्हणाली, तिच्याशिवाय काढायचं तर दुसरीला सांग, माझा हात चालणार नाही. धाकटी काडी पुसत होती. मग म्हणाली, "म्हंजे अर्ध्या कार्डांत बाय जगंल, अर्ध्यात मरंल."

त्यावर मला आणखी काही विचारायचं नव्हतं. पण पाचजणींतल्या मोखाड्याकडच्या दोघी बोलल्या. त्यांतली एक म्हणाली, "बाय, चितर हाय ते. खरी बाय थोडीच मरते. काम घे. नायतर मला भट्टीवर जावं लागंल, पोरीची दहावी हाय."

तिचं म्हणणं बरोबर होतं, आणि म्हणूनच माझं डोकं फिरलं. मी तिला नको ते बोलले. तुझ्या पोरीची नाळ कुणी कापली ते विसरलीस, असं म्हणाले. ती तशीच उठून गेली. तिचं माहेर जामसरचं, तिची मुलगी माझ्याच आईच्या हातची आहे. मी ते बोलायला नको होतं. जे बोलले त्याबद्दल मी नंतर तिच्या पाड्यावर जाऊन माफी मागितली. मॅडमना जे सांगितलं त्याबद्दल मागणार नाही. मॅडमना मी त्याच दिवशी फोन करून सांगितलं, की सगळी कार्डं सुईणीसकट, नाहीतर एकही नाही. त्या म्हणाल्या, मग या वर्षी राहू द्या.

राहिलं. दिवाळीनंतर मोखाड्याच्या त्या दोघी भट्टीवर गेल्या. मुलीला तिच्या मामाकडे ठेवलं आहे, शाळा सुटलेली नाही. पण आई भट्टीवर असताना दहावीचं वर्ष काढणं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवू नये, माझी आईही तेव्हा भट्टीवर जायची, मी तसंच काढलं आहे. ही किंमत मी ठरवली आणि ती भरली दुसरीने. हा भाग मी कुठल्याही रंगात रंगवून सांगणार नाही.

उरलेल्या आम्ही चौघींनी आमचं कार्ड आम्हीच करायचं ठरवलं. गिऱ्हाईक आम्हीच शोधायचं. मी फोनवरून फोटो पाठवले, जुन्या गिऱ्हाइकांना, माळावर भेटलेल्या लोकांना, ज्यांनी कधी नंबर दिला होता त्या सगळ्यांना. थोड्यांनी मागवली. सरकारी दवाखान्यातल्या बाळंतपणाच्या वॉर्डातल्या नर्सबाईंनी फोटो बघितल्या बघितल्या एक गठ्ठा सांगितला, आणि घासाघीस अशी केली की मला अभिमान वाटला.

पहिला गठ्ठा तयार झाल्यावर एक कार्ड आईला दाखवायला नेलं. मला वाटलं होतं, ती काहीतरी चांगलं बोलेल. तिने ते डोळ्यांजवळ धरलं, लांब धरलं.

"ही उभी का?"

"कोण?"

"ही. सुईण. पाव्हनी आलीय का? उभ्यानं काय करते ती?"

"वाकलीय ना, आये."

"वाकून पोर हातात येतं व्हय? खाली पडंल ते." तिने कार्ड बाजूला ठेवलं आणि भिंतीला धरून उठली. तिचे गुडघे गेलेले आहेत. मी नको नको म्हणत असताना ती अंगणात मधोमध जमिनीवर बसली, एक पाय दुमडलेला, दुसरा पुढे लांब केलेला. टाच कुठे टेकवायची, एक हात खाली कसा धरायचा, दुसरा बाळंतिणीच्या पोटावर कुठे ठेवायचा, ते एकेक करून दाखवलं. "आनि तोंड हिकडं. तिच्या तोंडाकडं. सुईण पोराकडं बघत नाय, आईकडं बघते. पोर आपोआप येतं."

मग तिला उठवायला मला आणि शेजारणीला दोघींना लागावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मी थोरलीला जामसरला आणलं. आई पुन्हा बसली. थोरली समोर बसून कागदावर रेघ टाकत होती, आई मान वाकडी करून बघायची आणि म्हणायची, नाय, गुडघा वर. तीन कागद फुकट गेले. चौथ्यावर आई, उठवा मला, एवढंच म्हणाली.

उभ्या सुईणीची तयार कार्डं मी फेकली नाहीत. ती शिरपामाळावर विकली, भाव न पाडता. बाकी सगळी आम्ही नव्याने काढली. एक कार्ड मी मॅडमनाही पाठवलं. आत शुभेच्छा लिहिल्या आणि खाली, रेखाटन दुरुस्त केलं आहे, सुईण बसते, एवढं लिहिलं. त्यांनी मला कार्ड पाठवलं होतं. परत पाठवायची रीत असते.

नाताळच्या दोन दिवस आधी त्यांचा फोन आला. "ताई, कार्ड मिळालं. मी टेबलावर लावलंय. खरं सांगू का, खूप छान झालंय. ती बसली आहे ना, त्यामुळे सगळं चित्र तिच्याभोवती जमलंय."

"आईने दाखवलं."

"तुमच्या आई?"

"त्या सुईण आहेत."

मग त्या म्हणाल्या, "हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"तेव्हा सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यासाठी ठेवली असती. मला ती चित्रासाठी ठेवायची होती."

"बरं," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी करू आपण. हेच. मी आत्ताच सांगून ठेवते. फक्त एक करता येईल का, ती राहू दे, पण तिला जरा फिक्या रंगात घेतलं तर? म्हणजे आई आणि बाळ उठून दिसतील."

"आमच्याकडे पांढरा एकच असतो, मॅडम," मी म्हटलं. "बाळाला लावतो तोच तिला."

त्या हसल्या. मी हसले नाही. माल किती आणि कधीपर्यंत हवा, ते लिहून पाठवा म्हटलं, म्हणजे मोखाड्याच्या दोघींना मला पावसाआधीच, त्यांनी भट्टीची उचल घ्यायच्या आत, सांगता येईल.